शब्दाची पक्की

"सर, ही ऐकतच नाही."

जावाच्या प्रॅक्टिकलला दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात हे वाक्य कानावर येतंच. मुलीनं स्क्रीनवर 'शहर' नावाची एक स्ट्रिंग लिहिलेली असते आणि तिच्यात 'पुने' अशी अक्षरं असतात. चूक लक्षात आल्यावर तिनं खालच्या ओळीत रिप्लेस ही मेथड बोलावलेली असते, 'न'च्या जागी 'ण' घाल म्हणून. प्रोग्राम कंपाइल झाला, चालला, एकही लाल ओळ आली नाही. आणि छापून काय आलं, तर 'पुने'.

मी खुर्ची ओढून शेजारी बसतो. चूक दाखवून पुढच्या टेबलाकडे जाणं इथे बरं नाही. या मुलीची स्ट्रिंगशी ही पहिली खरी गाठभेट आहे, आणि पहिल्या भेटीत स्वभाव कळला की पुढची कितीतरी वर्षं सोपी जातात.

स्ट्रिंगनं ऐकलं नाही असं नाही. तिनं नीट ऐकलं. 'न' काढून 'ण' घातलेली एक नवी कोरी स्ट्रिंग तयार केली, तिच्यात 'पुणे' लिहिलं आणि देण्यासाठी हात पुढे केला. घ्यायला समोर कुणी नव्हतं. ओळीच्या सुरुवातीला 'शहर' आणि बरोबरीचं चिन्ह असतं, तर ते 'पुणे' ठेवायला जागा मिळाली असती. ती नव्हती, म्हणून ती नवी स्ट्रिंग तशीच खाली पडली आणि जावाच्या गार्बेज कलेक्टरसाठी कचरा झाली. जुनीनं स्वतःची अक्षरं बदलली नाहीत, आणि ती कधीच बदलणार नाही. ट्रिम म्हणा, रिप्लेस म्हणा, कॉनकॅट म्हणा, काही बदलायचं असलं की ती नवी स्ट्रिंग देते आणि स्वतः होती तशी राहते. पुस्तकात याला इम्युटेबल म्हणतात. आपल्याकडे अशा बाईला शब्दाची पक्की म्हणतात.

हा करारीपणा तिच्यात आला कसा, हे बघायचं तर सी भाषेच्या घरात डोकवावं लागतं. सीमध्ये मजकुराला स्वतःचं अस्तित्वच नाही. कॅरॅक्टरांची एक रांग आणि शेवटी एक शून्य, एवढाच संसार. लांबी कुठे लिहून ठेवलेली नसते. शून्य सापडेपर्यंत मोजत जायचं. दहा अक्षरांच्या जागेत शंभर अक्षरं ओतली, तर उरलेली नव्वद शेजारच्या मेमरीवर जाऊन बसतात आणि तिथे आधी जे होतं ते पुसून टाकतात. 1988च्या नोव्हेंबरमध्ये मॉरिस वर्म नावाचा प्रोग्राम हजारो यंत्रांत शिरला, तेव्हा त्याच्या वाटांपैकी एक हीच होती: लांबी न बघता मजकूर वाचत सुटणारं गेट्स नावाचं फंक्शन.

जेम्स गॉस्लिंग आणि त्यांचे सहकारी सन मायक्रोसिस्टिम्समध्ये 1991पासून एका नव्या भाषेवर काम करत होते. तिचं पाळण्यातलं नाव ओक. 1995मध्ये ती जावा म्हणून जगासमोर आली. नेटवर्कवरून आलेला परका प्रोग्राम आपल्या कॉम्प्युटरवर बिनधोक चालावा, ही तिच्यापुढची मोठी कामगिरी होती. आता अशा घरात फाइलचं नाव, सर्व्हरचा पत्ता, वापरणाऱ्याची ओळख, सगळं स्ट्रिंगच्याच हाती असतं. दारावरच्या रखवालदारानं नाव तपासून एखाद्याला आत सोडावं आणि आत गेल्यावर त्यानं नाव बदलावं, असं चालत असेल तर रखवालदार ठेवायचाच कशाला? म्हणून जावानं तिला न बदलणारी केलं. जावाचे कर्ते एवढ्यावर थांबले नाहीत. तिला फायनल केलं. म्हणजे तिच्यापासून दुसरा क्लास काढता येत नाही, तिला लेक नाही. दिसायला आईसारखी पण शब्द फिरवणारी लेक कुणी तयार करून पाठवली असती, तर आईची पत गेली असती.

सीसारखं शेजारी डोकावूही ती देत नाही. पाच अक्षरं असताना आठव्या जागेवरचं मागितलंत, तर ती स्ट्रिंगइंडेक्सआउटऑफबाउंड्स अशा लांबलचक नावाचं एक्सेप्शन फेकते आणि तिथल्या तिथे थांबवते. नवशिक्याला ती ओळ बघून धडकी भरते. मला ती ओळ आईनं रस्त्यात मागून धरलेल्या दंडासारखी वाटते.

घरात तिचा मान वेगळा आहे. इंट, चार (म्हणजे एक कॅरॅक्टर), बूलियन वगैरे आठ साधे प्रकार आहेत, त्यांची नावं लहान लिपीतल्या अक्षरानं सुरू होतात. स्ट्रिंग त्यांच्यातली नाही, ती पूर्ण क्लास आहे, म्हणून तिचा एस कॅपिटल. तरीही इतर ऑब्जेक्टांना 'न्यू' म्हणून रीतसर आमंत्रण द्यावं लागतं आणि हिला नुसती दुहेरी अवतरणं पुरतात. इंपोर्ट लिहावं लागत नाही, कारण ती जावा डॉट लँग या माजघरातच राहते. आकड्यांचं अधिक चिन्हही तिला वापरायला दिलेलं आहे, पण ते डावीकडून उजवीकडे वाचलं जातं हे विसरू नये. '2 + 3 + " आंबे"' लिहिलं तर आधी बेरीज होते आणि '5 आंबे' मिळतात. '"आंबे: " + 2 + 3' लिहिलं तर स्ट्रिंग आधी येते, तिच्या हाताला लागलेला प्रत्येक आकडा मजकूर होतो, आणि आंबे तेवीस होतात.

आता तिच्या स्वभावातली जी गोष्ट मुलांना सगळ्यात जास्त रडवते, तिच्याकडे येतो. मुलगा पासवर्ड तपासणारा प्रोग्राम लिहितो. दोन स्ट्रिंगा, मध्ये बरोबरीची दोन चिन्हं. दोन्ही स्ट्रिंगा प्रोग्राममध्येच लिहून बघतो, उत्तर येतं 'बरोबर'. खूश होतो. मग कीबोर्डवरून पासवर्ड घेतो, अक्षर न् अक्षर तेच टाइप करतो, आणि उत्तर येतं 'चूक'. तो पुन्हा टाइप करतो. स्पेस पडली असेल म्हणून ट्रिम करतो. तरीही चूक. मुलं या जागी अर्धा अर्धा तास अडकून बसलेली मी पाहिली आहेत, आणि त्यांच्या जर्नलवर लाल शाईनं नुसतं 'इक्वल्स वापरा' लिहून मोकळं होणं मला कधी पटलं नाही.

झालेलं असं असतं. प्रोग्राममध्ये दहा ठिकाणी "सातारा" लिहिलं, तरी जावा दहा स्ट्रिंगा करत नाही. एकच करते, स्ट्रिंग पूल नावाच्या जागी ठेवते आणि दहाही ठिकाणांहून तिच्याकडेच बोट दाखवते. जुन्या वाड्यात एका आडाचं पाणी सगळी बिऱ्हाडं भरत, कारण त्यात कुणी काही कालवणार नाही याची सगळ्यांना खात्री असे. पूलचंही तेच. स्ट्रिंग बदलत नाही, म्हणूनच ती सगळ्यांना मिळून वापरता येते. पण कीबोर्डवरून आलेलं "सातारा" हे या आडाचं पाणी नाही. ते प्रोग्राम चालू असताना जन्मलं, त्याची स्ट्रिंग वेगळी.

आणि बरोबरीची दोन चिन्हं विचारतात एकच प्रश्न: ही आणि ती एकच व्यक्ती आहे का? 'दोघी एकच बोलतायत का' हा प्रश्न वेगळा आहे, तो इक्वल्स विचारते. एकाच पुस्तकाच्या दोन प्रती समोर ठेवल्या तर मजकूर तोच असतो, तरी प्रती दोनच. पहिल्या वेळी उत्तर बरोबर आलं ते दोन्हीकडे पूलमधली एकच प्रत होती म्हणून. चुकीचा प्रोग्राम पहिल्या परीक्षेत पास होतो, हेच इथलं खरं दुखणं. स्ट्रिंगनं फसवलं नाही. विचारलं त्याचंच उत्तर तिनं दिलं.

इक्वल्स विचारतानाही ओळखीच्या स्ट्रिंगला पुढे करावं. "हो" ही आपण स्वतः लिहिलेली स्ट्रिंग नक्की हजर असते. तिलाच विचारावं की समोरचं उत्तर तुझ्यासारखं आहे का. उलट विचारलं आणि समोर नल निघालं, तर प्रोग्राम नलपॉइंटर एक्सेप्शन देऊन कोसळतो. रिकामी स्ट्रिंग आणि नल यांत बराच फरक आहे. रिकामी स्ट्रिंग म्हणजे कुलूप नसलेलं रिकामं घर: जाता येतं, लांबी विचारली तर शून्य सांगते. नल म्हणजे त्या पत्त्यावर घरच नाही.

तिचा करारीपणा महाग कुठे पडतो, हेही सांगायला हवं. लूपमध्ये दहा हजार वेळा एकेक अक्षर अधिक चिन्हानं जोडत गेलात, तर प्रत्येक फेरीला आधीचा सगळा मजकूर नव्या स्ट्रिंगमध्ये उतरवला जातो. शेवटी हातात दहा हजार अक्षरं असतात, पण लिहून काढलेली असतात 5,00,05,000. हे काम तिचं नाही. त्यासाठी घरात दोन भाऊ आहेत. थोरला स्ट्रिंगबफर पहिल्यापासून आहे. अनेक थ्रेड एकाच वेळी हात घालतील म्हणून तो प्रत्येक वेळी कडी लावून काम करतो. धाकटा स्ट्रिंगबिल्डर 2004मध्ये जावा 5बरोबर आला. तो कडी लावत नाही आणि त्यामुळे चपळ आहे. मजकूर बिल्डरकडे जुळवावा आणि जुळून झाला की टूस्ट्रिंग म्हणून बहिणीच्या स्वाधीन करावा. चार-दोन तुकडे जोडायचे असतील तर मात्र अधिक चिन्हच बरं. उगाच बिल्डरला बोलावून ओळ अवघड करू नये.

आणखी एक. तिला सांगितलेलं गुपित तिच्याकडून पुसता येत नाही. अक्षरं बदलता येत नाहीत म्हणजे काम झाल्यावर खोडताही येत नाहीत. गार्बेज कलेक्टर येईपर्यंत ती मेमरीत राहतात. म्हणून पासवर्डसाठी जावाच्याच स्विंगमधला पासवर्डचा रकाना मजकूर चारच्या ॲरेमध्ये देतो, जो वापरून झाल्यावर शून्यांनी भरून टाकता येतो.

तिचा हॅशकोड मला फार आवडतो. पहिल्या अक्षराचा क्रमांक घ्यायचा, 31नं गुणायचं, पुढच्याचा मिळवायचा, पुन्हा 31नं गुणायचं, असं शेवटपर्यंत. ती हे एकदा मोजते आणि लक्षात ठेवते. अक्षरं बदलणारच नाहीत तर पुन्हा मोजायचं कशाला? हॅशमॅपची चावी म्हणून ती इतकी चालते ती यामुळेच. पण दोन वेगळ्या शब्दांचा हॅशकोड एक येऊ शकतो. इंग्रजीतली उदाहरणं पुस्तकात असतात. मराठीतली मी फळ्यावर करून दाखवतो. 'जा' आणि 'झट', दोघांचा 74658. 'खा' आणि 'गट', दोघांचा 74472. मुलं वहीत गुणाकार करून बघतात आणि मग त्यांना न सांगता कळतं की हॅशकोड जुळल्यावरही हॅशमॅप इक्वल्स का विचारतो.

फळ्यावर मराठी शब्द आला की वर्ग जागा होतो, आणि मला खरं जे सांगायचं असतं ते तिथून सुरू होतं. आपली भाषा स्ट्रिंगला दिली की तिचा स्वभाव फार स्वच्छ दिसतो.

'मराठी' या शब्दाची लांबी किती? आपण तीन म्हणू. स्ट्रिंग म्हणते पाच: म, र, काना, ठ, वेलांटी. 'ज्ञानेश्वर' दहा. युनिकोडमध्ये काना, मात्रा, वेलांटी, हलन्ताचा पाय, सगळ्यांना स्वतंत्र क्रमांक आहेत आणि ती क्रमांक मोजते. मोजणी शून्यापासून, त्यामुळे 'महाराष्ट्र'मधून सबस्ट्रिंग शून्य ते तीन मागितलं की 'महा' मिळतं, कारण शेवटची जागा ती धरत नाही. शून्य ते सात मागितलं तर 'महाराष्' असा पाय मोडलेला तुकडा हातात येतो. एकेरी अवतरणात 'क' चालतो, पण 'की' लिहिलं तर कंपाइलर अडवतो, कारण चारमध्ये एकच जागा आणि 'की' म्हणजे दोन.

पॅलिन्ड्रोमचा प्रोग्राम आपल्याकडे नवशिक्याच्या वाट्याला येतोच: उलटा वाचला तरी तोच राहणारा शब्द ओळखा. 'नयन' पास होतो, 'कडक' पास होतो. मग मी मुलांना घरातली माणसं तपासायला सांगतो: काका, मामा, दादा, नाना. चौघंही नापास. 'काका' म्हणजे क, काना, क, काना. उलटा केला की सुरुवातीलाच निराधार काना लोंबतो. 'कविता' उलटली तर 'व'ची वेलांटी 'त'ला जाऊन चिकटते. याला उपाय आहे. जावा डॉट टेक्स्टमधला ब्रेकइटरेटर अक्षर आणि त्याचा काना एकत्र धरून तुकडे पाडतो. ते तुकडे उलटे लावले की काका पुन्हा काका होतात.

मोडी लिपी 2014मध्ये युनिकोडच्या 7.0 आवृत्तीत आली, तेव्हा चारला मावणाऱ्या 65,536 जागांच्या पलीकडे तिला घर मिळालं. त्यामुळे मोडीचं एकेक अक्षर स्ट्रिंगमध्ये दोन चारांची जागा घेतं. लेंग्थ विचाराल तर दुप्पट उत्तर येईल. कोडपॉइंटकाउंट विचाराल तर नेमकं येईल.

सॉर्ट केलंत, तर 'बळ' आधी आणि 'बस' नंतर येतं. युनिकोडमध्ये 'ळ' हा 'ल'च्या शेजारी बसवला आहे आणि कंपेअरटू क्रमांकच बघते. आपल्या वर्णमालेत 'ळ' 'ह'च्या नंतर येतो. आपला क्रम हवा असेल तर रूलबेस्डकोलेटरला तो लिहून द्यावा लागतो.

सगळ्यात नाजूक गोष्ट इक्वल्सची. 'दुसऱ्या' मधला 'ऱ' एका क्रमांकात लिहिता येतो, 'र'खाली नुक्ता देऊन दोन क्रमांकांत लिहिता येतो, आणि साध्या 'र'चा पाय मोडून पुढे न दिसणारा जोडणारा क्रमांक घालूनही तो अर्धा 'ऱ' उमटवता येतो. डोळ्यांना तिन्ही सारखे. स्ट्रिंग म्हणते, तीन वेगळे शब्द. पहिले दोन जावा डॉट टेक्स्टमधला नॉर्मलायझर एक करून देतो. तिसरा तो तसाच सोडतो. 'ॲ'चंही असंच. स्वतंत्र 'ॲ' युनिकोडमध्ये 2008 साली आला. त्याआधीची पद्धत म्हणजे 'अ'वर चंद्र. दोन्ही आजही वापरात आहेत आणि नॉर्मलायझर त्यांना एक मानत नाही. म्हणजे एखाद्या यादीत 'ॲड. पाटणकर' एका कीबोर्डनं भरलेलं असलं आणि शोधणाऱ्यानं दुसऱ्या कीबोर्डनं टाइप केलं, तर उत्तर येणार: असं नाव नाही. माणूस समोर उभा असतो आणि यादी म्हणते तो नाही. असा प्रसंग मी एका खिडकीपाशी उभं राहून पाहिला आहे. आतल्या बाईंनी तीनदा नाव टाइप केलं, बाहेरच्या आजोबांनी तीनदा कागद पुढे केला, आणि दोघांचंही काही चुकलेलं नव्हतं.

स्ट्रिंगचंही नव्हतं. तिला दिलेला क्रमांक तिनं जसाच्या तसा सांभाळला. तुम्हाला काय म्हणायचं होतं ते तिला कळत नाही, आणि कळल्यासारखं ती कधी वागतही नाही. ज्याला दोन्ही बाजू माहीत आहेत, ज्याला मराठीही येते आणि जावाही, त्यानं मध्ये उभं राहून दोन्हीकडची 'ॲ' एक करून तिच्या हाती द्यायची असते. हे काम कॅलिफोर्नियात बसलेला कुणी आपल्यासाठी करणार नाही, कारण त्याला 'दुसऱ्या' हा शब्द आयुष्यात टाइप करावा लागलेला नाही.

म्हणून जावा शिकणाऱ्या प्रत्येक मुलामुलीला एक विनंती. प्रोग्राम लिहून झाला की तपासायला इंग्रजीत 'टेस्ट' टाइप करून उठू नका. 'सुऱ्या' टाइप करा. 'ज्ञानेश्वर' टाइप करा. 'ॲ' दोन्ही पद्धतींनी टाइप करा आणि इक्वल्स काय म्हणते ते बघा. शेवटी आपल्या आजीचं पूर्ण नाव, माहेरच्या आडनावासकट, मराठीत घाला आणि ते तुमच्या यादीत सापडतं का, ते शोधून बघा.